शुक्रवारीच छाती का आवळते?

या आठवड्याचं पत्र हिंगणघाट तालुक्यातून आलं आहे. नाव-गाव गाळून, थोडं आटोपशीर करून देते. (जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना.)

"मॅडम, नमस्कार. माझं वय ३६. नऊ हंगाम झाले, जिनिंगमध्ये कामाला जाते. कापसाच्या गंजीवर बसून पत्ती, कवडी, पिवळा कापूस वेचून काढायचा आणि मशीनजवळ झाडायचं, हे माझं काम. गुरुवारी आमच्या इथला बाजार असतो, त्या दिवशी जिनिंग बंद. शुक्रवारी कामावर गेली की जेवणाच्या सुट्टीनंतर छाती आवळल्यासारखी होते, कोरडा खोकला येतो, श्वास पुरत नाही. रात्री उशिरा बरं वाटते. शनिवारी कमी होते, रविवारपासून तर काहीच नसते. पुन्हा शुक्रवार आला की तेच. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होते तेव्हाचे पहिले दिवस सगळ्यात वाईट जातात. मुकादम सगळ्यांसमोर म्हणतो, 'काहून वं, बाजारात सारं बळ देऊन आली काय? सुट्टी झाली का हिचं नाटक सुरू होते.' सासूबाई म्हणतात, मनातून काढून टाक. गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, सलाईन लावली, एक्स-रे काढला. त्यात काही नाही म्हणाले. मला तंबाखू-खर्ऱ्याचं व्यसन नाही. सोबतच्या बाया सांगतात, रोज गूळ खा, धूळ पोटात उतरते. ओढणी तर बांधतेच. मला खरंच आजार आहे की मनाचं आहे? काम सोडू काय? दोन पोरं शिकतात, या पैशावरच त्यांचं भागते."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन वारांखाली रेघा ओढल्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. तुमच्या आजाराबद्दल जे सांगायला हवं होतं ते तुम्ही या चार वारांत सांगून टाकलंय. ते ऐकणारं कोणी भेटलं नाही, एवढंच.

हे नाटक नाही आणि मनाचे खेळही नाहीत. कापसाच्या धुळीमुळे फुप्फुसांना होणारा एक जुना, माहितीतला आजार आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं. इंग्लंडमधल्या गिरण्यांना रविवारी सुट्टी असायची, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत याला 'सोमवारचा आजार' असं नाव पडलं. तुमच्याकडे बाजार गुरुवारी, म्हणून तुमचा सोमवार शुक्रवारी येतो. पत्रावरून पक्कं निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण माझ्यासमोर बसून कोणी हे सांगितलं असतं, तर पहिला संशय मला याचाच आला असता.

आता हे होतं कसं, ते सांगते, कारण मुकादमाला उत्तर द्यायचं तर ते तुम्हाला ठाऊक हवं.

त्रास देतो तो पांढराशुभ्र तंतू नव्हे. बोंडाला धरून असलेली वाळकी पानं कापसासोबत येतात, तीच तुम्ही दिवसभर पत्ती म्हणून वेचता. त्या पानांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात. झाड वाळायला लागलं की ते आणखी वाढतात. त्यांच्या अंगावरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं. पत्ती चुरली, कापूस उधळला, सरकी काढणारा रेचा फिरला की हे सगळं बारीक धुळीतून हवेत येतं आणि श्वासासोबत आत जातं. श्वासनलिका सुजतात, आक्रसतात. पण हे लगेच होत नाही, त्याला काही तास लागतात. म्हणून सकाळी कामाला लागताना तुम्ही ठणठणीत असता आणि जेवणानंतर छाती धरते. रोज धूळ जात राहिली की शरीराची ही प्रतिक्रिया दोन-तीन दिवसांत बोथट होते. एक दिवस सुट्टी मिळाली की हा सराव मोडतो आणि पुढच्या कामाच्या दिवशी शरीर पुन्हा तितक्याच जोराने उसळतं. चार-सहा महिन्यांच्या खंडानंतर तर काय होत असेल! दिवाळीनंतरचे पहिले दिवस वाईट जातात असं तुम्ही लिहिलंय, ते अगदी बरोबर आहे. हंगामाच्या सुरुवातीला नव्या पोरींना एक-दोन दिवस थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, हेही तुम्ही पाहिलं असेल. तो तापही याच धुळीचा असू शकतो. मात्र हिवताप-डेंग्यूच्या भागात राहतो आपण, तेव्हा कोणाचाही ताप रक्त तपासल्याशिवाय धुळीच्या नावावर टाकू नका.

म्हणजे मुकादम जे बोलतो, त्यातलं निरीक्षण खरं आहे. सुट्टी झाली की हिला त्रास होतो, हे त्याने नेमकं हेरलंय. अर्थ तेवढा चुकीचा लावला. आळशी माणसाला सुट्टीनंतर काम नकोसं वाटतं ते सकाळीच. तुम्ही सकाळी कामावर जाता, अर्धा दिवस धूळ खाता आणि मग छाती आवळते.

दुसऱ्या आजारांशीही ताडून पाहू. धुळीच्या ॲलर्जीचा दमा असता, तर बहुधा कामाचे दिवस चढत जातील तसा त्रास वाढला असता आणि सुट्टीनंतर सगळ्यात कमी असता. तुमचं उलट आहे. क्षयरोगाला वार कळत नाही, त्याचा खोकला गुरुवारीही येतो. तरीही थुंकीची तपासणी करून घ्याच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्या प्रत्येकाने ती करायची असते, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, याने घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. या आजारात एक्स-रे बहुतेकदा स्वच्छच असतो. आणि सलाईनचा श्वासाशी काही संबंध नाही, त्यावर पुन्हा पैसे घालवू नका.

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी नवी डॉक्टर होते, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात. एक माणूस ओळीने तीन हिवाळे खोकला घेऊन आला. तिन्ही वेळा मी औषध लिहून दिलं. केसपेपरवर व्यवसायाच्या पुढे 'मजुरी' लिहिलेलं होतं आणि मला ते पुरेसं वाटलं. कसली मजुरी, कुठे, कोणत्या वारी जास्त होतं, यातलं काही मी विचारलं नाही. चौथ्या वर्षी तो जूनमध्ये आला. जिनिंग केव्हाच बंद झालेली, आणि विहिरीवरून घरापर्यंत चालतानाही त्याला मध्ये दोनदा बसावं लागत होतं. तो नुसता खोकत होता तोवर त्याला वाचवता आलं असतं, ही बोच अजून गेलेली नाही. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवलंय की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक विचारावा: तू काम काय करतोस? भांगेच्या खोडाचे आणि जवसाचे धागे पिंजणाऱ्यांचा खोकलाही त्याने तेव्हाच नोंदवला होता. हे सदर वाचणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, कापूसपट्ट्यात दवाखाना चालवता, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा प्रश्न विसरू नका.

ताई, आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे पोराची एक जुनी वही. रोज रात्री एक ओळ लिहायची. वार कोणता, जिनिंग चालू की बंद, कुठे बसला होता (गंजीवर, मशीनजवळ की बाहेर अंगणात), छाती किती वाजता धरली, किती वाजता सुटली, रात्री झोप लागली का. असं चार आठवडे करा. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या अशा वारांवरूनच. सुट्टीनंतरच्या दिवशी कधीमधी त्रास, मग दर वेळी त्याच दिवशी, मग आठवड्यातल्या इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा दम. तुमच्या पत्रावरून तुम्ही दुसऱ्या पायरीच्या आसपास दिसता, शनिवारकडे थोडा पाय पडू लागलाय. इथून मागे फिरता येतं. शेवटच्या पायरीवरून नाही. म्हणूनच मी एवढं लांबण लावून लिहितेय.

वही घेऊन सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी मेघेचं रुग्णालय गाठा आणि छातीच्या विभागात फुंकण्याची तपासणी मागा. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. दीर्घ श्वास घेऊन नळीत जोरात फुंकायचं. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. यात एक अडचण आहे, ती आधीच सांगते. सुट्टीच्या दिवशी, म्हणजे तुमच्या गुरुवारी, गेलात तर आकडा चांगला येऊ शकतो आणि पुन्हा 'काही नाही' हेच कानावर येईल. खरी तपासणी व्हायला हवी शुक्रवारी, कामाआधी एकदा आणि काम संपल्यावर एकदा. दोन आकड्यांत फरक पडला तर तो पुरावा. वर्ध्याला दिवसातून दोनदा जाणं कोणाला जमणार? म्हणून डॉक्टरांना पीक फ्लो मीटरबद्दल विचारा. तो हातात मावणारा प्लास्टिकचा फुंकमापक असतो, वीज लागत नाही, फार महागही नाही. सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत मांडायचा. गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळचे आकडे चार आठवडे शेजारी शेजारी दिसले की कोणत्याही डॉक्टरला त्याकडे दुर्लक्ष करणं जड जाईल.

डॉक्टर कदाचित श्वासाचा पंप देतील. पंपाची सवय लागते, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे, दिला तर घ्या. पण पंप घेऊन त्याच धुळीत त्याच जागी बसायचं, हा इलाज नव्हे. दम आटोक्यात वाटतो आणि नुकसान चालू राहतं.

गुळाचं विचारलंत. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोन्ही वाटा गळ्याशीच वेगळ्या होतात. गुळाने घशाची खवखव शमते, तोंडाला पाणी सुटतं, म्हणून बरं वाटतं. साखरेचा आजार नसेल तर खुशाल खा. मात्र मालक गूळ वाटतो म्हणून धुळीचा बंदोबस्त झाला, असं कोणी समजू नये.

ओढणीबद्दल. ओढणी मोठी रुई अडवते, नाकात जाणारे तंतू अडवते. खोलवर जाणारी बारीक धूळ तिच्यातून आरपार जाते. कोरोनाच्या काळात पाहिलेला एन-९५ मास्क तुम्हाला हवा. दोन्ही पट्ट्या डोक्यामागे, नाकावरची पट्टी दाबलेली, कडेने हवा येता कामा नये. तो धुवायचा नाही. श्वास ओढायला जड लागू लागला किंवा आतून मळला की बदलायचा. डिसेंबर-जानेवारीत तो सहज सहन होतो, मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात टिनाच्या छपराखाली जीव नको होतो, हे मला माहीत आहे. तेव्हा निदान शुक्रवारी, निदान झाडताना तरी काढू नका.

पण मास्कपेक्षा जागा मोठी. तुम्ही दोन कामं करता आणि त्यातलं दुसरं, मशीनजवळ झाडायचं, ते मला जास्त सलतंय. कोरड्या खराट्याने झाडलं की दिवसभर खाली बसलेली सगळी बारीक धूळ पुन्हा तुमच्या तोंडासमोर उठते. सुट्टीनंतर सकाळी आधी झाडून घेतात, मग मशीन सुरू होतात, असं तुमच्याकडे असेल तर शुक्रवारची सुरुवातच सगळ्यात वाईट घासाने होते. हे काम तुमच्याकडून काढून घ्यायला सांगा. कापूस ओला होणार नाही अशा बेताने मोकळ्या फरशीवर आधी पाणी शिंपडून झाडता येतं. वेचणीचं काम आतल्या हॉलऐवजी बाहेरच्या गंजीवर मागा, आणि बसताना वारा पाठीकडून येईल असं बसा. इतकं केलं तरी पुढच्या चार शुक्रवारांत फरक पडतो का, ते वही सांगेल.

हे मागायला एकट्या जाऊ नका. आधी सोबतच्या बायांना विचारा, 'तुमचा शुक्रवार कसा जातो?' मला वाटतं, दोन-तीन जणी तरी तुमच्यासारख्याच निघतील, टोमण्याच्या भीतीने गप्प बसलेल्या. चौघी मिळून थेट मालकाकडे बोला, आणि ते भांडणाच्या सुरात नको. पत्ती आणि कचरा कमी असलेल्या रुईला भाव चांगला मिळतो, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. धूळ ओढून घेणारे पंखे, रेच्याआधी कापूस साफ करणारं यंत्र, यात त्याचाही फायदा आहे. नागपुरात केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे या यंत्रांची माहिती मिळते. अमेरिकेने १९७८ साली सूत कातणाऱ्या गिरण्यांच्या हवेत दर घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त कापूसधूळ नको, असा नियम केला आणि पुढच्या काही वर्षांत तिथे हा आजार झपाट्याने उतरला. यंत्रं झाकली, हवा खेचली, माणसं तपासली, एवढंच केलं होतं. त्या नियमातून जिनिंग मात्र वगळली होती.

वगळण्याची ही गोष्ट आपल्याकडेही आहे, आणि ती मला खुपते. कामगार राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने बाहेर ठेवलेत, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाच्या जिनिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे विम्याचा दवाखाना तुमच्या वाट्याला येत नाही. तरी सगळे दरवाजे बंद नाहीत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत बिसिनोसिस व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: डॉक्टरांचा लेखी दाखला आणि तुम्ही तिथे नऊ हंगाम काम केल्याचा पुरावा. हजेरीची चिठ्ठी, बँकेत पैसे जमा झाल्याच्या नोंदी, गेटपास, जे असेल ते आजपासून एका पिशवीत ठेवा. वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. आत्ता दावा करा असं म्हणत नाही. कागद मात्र आत्ताच जमवायचे असतात.

घराबद्दल दोन गोष्टी विचारते. स्वयंपाक पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, चुलीवर करता का? दिवसभर कापसाची धूळ आणि संध्याकाळी पऱ्हाटीचा धूर, हे एकाच छातीवर फार होतं. सिलिंडर परवडत नसेल तर निदान शुक्रवारी आणि शनिवारी गॅस वापरा, आणि एरवी चूल बाहेर पडवीत न्या. दुसरं, भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवलाय का? असेल तर तो ताडपत्रीने झाका, आणि पोरांना त्यावर झोपू-खेळू देऊ नका. घरातच कापूस असेल तर तुमचा गुरुवार खरा सुट्टीचा राहत नाही.

आणि शेवटचा प्रश्न, काम सोडू का? दोन पोरांच्या शिक्षणाचा पैसा जिथून येतो ते काम आजच सोडा, असं इथे खुर्चीत बसून सांगणं मला योग्य वाटत नाही. आजच्या घडीला सोडायची गरज दिसतही नाही. हा हंगाम जागा बदलून, मास्क लावून, वही ठेवून काढा. मात्र वही तीन गोष्टी दाखवू लागली तर मागे-पुढे पाहू नका. त्रास शनिवार ओलांडून रविवार-सोमवारी पसरला, किंवा गुरुवारीही छाती मोकळी राहिनाशी झाली, किंवा जिनिंग बंद झाल्यावर, पेरणीच्या दिवसांत, डोक्यावर घागर घेऊन चालताना दम लागला, तर पुढच्या दिवाळीनंतर त्या हॉलमध्ये जायचं नाही. शेतातली वेचणी त्याच महिन्यांत असते. तिथे रोजी कमी पडेल, पण हवा उघडी असते. दव ओसरल्यावर आणि ऊन चढायच्या आत वेचलं, तर पत्तीही कमी चुरते. पोरांच्या बापाशी हा हिशेब आत्तापासूनच बोलून ठेवा, म्हणजे वेळ आली तर घरात तो निर्णय नवा वाटणार नाही. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पाय सुजणं किंवा आडवं पडल्यावर घुसमट, यातलं काही दिसलं तर चार आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. बोलताना धाप लागली तर १०८ ला फोन.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांनीही कधीकाळी जिनिंगमध्ये काम केलं असेल, तर त्यांचा सुट्टीनंतरचा दिवस कसा जायचा तेही विचारा.

वही या गुरुवारपासूनच सुरू करा. पहिली ओळ त्या दिवसाची, छाती मोकळी असतानाची लिहा. शुक्रवारचा आकडा डॉक्टरांना त्या ओळीशेजारीच ठेवून पाहायचा आहे.